तुमचा लाडका तारकागुच्छ कोणता?

पाऊस गेला एकदाचा. काल रात्री नऊला वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीत गेले तर पूर्वेला कृत्तिका! आजी म्हणायची मोज गं किती दिसतात, मी सहा मोजायचे आणि ती सात म्हणायची, काल चष्मा लावून मोजले तरी सहाच. पौर्णिमेचा चंद्र ह्यांच्याजवळ येतो तो महिना कार्तिक, हेही तिनंच सांगितलेलं. अंतर साधारण ४४० प्रकाशवर्षं, म्हणजे काल दिसलेला उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. तुमचे अनुभव लिहा ना, दुर्बीण असो वा नसो.

----

माझा पुष्य. एरवी पुष्य म्हटलं की गुरुपुष्यामृत आणि सोनं एवढंच डोक्यात. फेब्रुवारीत वांगणीला रात्रभर थांबलो होतो, तिथं एका काकांनी पुनर्वसू आणि मघा दाखवून मधे बघ म्हणाले. काहीच दिसेना. मग म्हणाले थेट नको, किंचित बाजूला नजर ठेव, अंधुक उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. आणि खरंच, धुराचा पुसट ठिपका! १०×५० च्या दुर्बिणीतून त्याचेच सुटे सुटे तारे झाले. गॅलिलिओलाही तिथं चाळीसच्या वर तारे दिसले होते.

----

ओमेगा सेंटॉरी, दुसरं नाव नाही. मे महिन्यात कोकणात घरी गेलेलो, दहाच्या सुमारास दक्षिणेला पंचवीसेक अंश वर, नुसत्या डोळ्यांना जरा फुगलेला तारा वाटतो. ८ इंची टेलिस्कोप लावला आणि रांगोळी चिमटीतून एकाच जागी सांडावी तसं, मधे दाट, कडेला कण कण. साधारण १७ हजार प्रकाशवर्षं लांब, एक कोटीच्या आसपास तारे. बाबांना वाकता येत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दाखवलं. बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "हे आपल्या अंगणातनं दिसायचं? इतकी वर्षं?"

----

ऑकलंडहून लिहितेय. इथं कृत्तिकांना मातारिकी म्हणतात, हिवाळ्यात पहाटे परत दिसायला लागल्या की माओरी नवं वर्ष, २०२२ पासून सार्वजनिक सुट्टीही आहे. जूनमध्ये पहाटे सहाला थंडीत उठून बघितल्या आणि पहिला फोन आईला केला. मृग मात्र इथं उलटा दिसतो, त्याची सवय अजून झालेली नाही.

----

आम्ही शेतकरी माणसं, लाईट रात्रीची, त्यामुळं हिवाळ्यात गव्हाला दारं धरताना आकाश आपोआप बघितलं जातं. जानेवारीत तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, मावळतीला कललं की अडीच वाजले समजायचं. त्याच्या खाली जो धुरकट ठिपका आहे तिथं नवे तारे तयार होतात, हे मुलीनं सांगितलं, तेराशे प्रकाशवर्षांवर. तेव्हापासून पाटाच्या कडेला बसलो की आधी तिकडंच बघतो.

आणि ताई, आमच्या मळ्यातून कृत्तिका सात दिसतात. काल तीनदा मोजल्या.