छोट्या रुग्णालयात रुग्णाची माहिती गोपनीय कशी राखावी?

ताम्हण:

तालुक्याच्या गावी आमचे 10 खाटांचे प्रसूतिगृह आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, यजमान भूलतज्ज्ञ आणि हाताखाली पाच-सहा माणसे. केसपेपर संगणकावर घेतल्यापासून आणि लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येऊ लागल्यापासून कामाला वेग आला हे खरे. परंतु रिसेप्शनवरचा संगणक दिवसभर उघडा असतो, त्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक आहे, आणि कोणत्या बाईची कोणती तपासणी झाली हे बाकावर बसलेल्या एमआरलाही (औषध कंपनीच्या प्रतिनिधीलाही) वाचता येईल अशी टेबलाची मांडणी आहे. त्याहून अवघड प्रश्न नातेवाइकांचा. सासूबाई येऊन "सुनेचे रिपोर्ट द्या, मीच तिला घेऊन आले होते" असे म्हणतात, नवरा परगावाहून फोन करतो, आणि सगळेच ओळखीचे असल्यामुळे नकार देणे उद्धटपणाचे ठरते. नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे असे सांगून संगणकवाल्याने एक महागडी यंत्रणा सुचवली आहे. आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करावी?

सनद:

मी वकिली करतो, म्हणून आधी दंडाची भीती बाजूला काढतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतील अशी त्यात तरतूद आहे. 250 कोटी ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष रक्कम ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य, त्याचा कालावधी आणि नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केले हे दंड ठरवणाऱ्या विदा संरक्षण मंडळाला पाहावे लागते. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे; तुमची हाताने लिहिलेली रजिस्टरे त्याच्या कक्षेत येत नाहीत.

म्हणून कागद मोकळा सुटतो असे मात्र नाही. रुग्णाची गुपिते उघड न करण्याचे बंधन 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच आहे. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग एवढेच अपवाद तिथे दिले आहेत. त्याच संहितेनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे 3 वर्षे जपायची असतात, आणि मागणी आल्यास ती 72 तासांत द्यायची असतात. पण ती मागणी स्वतः रुग्णाने, तिने अधिकार दिलेल्या सोबत्याने किंवा कायदेशीर यंत्रणेने केलेली असली पाहिजे. सासूबाईंचा प्रश्न इथेच सुटतो. सुनेने अधिकार दिला असेल तर रिपोर्ट द्यावेत, नसेल तर नाते कितीही जवळचे असले तरी देऊ नयेत.

गर्भपाताच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. सज्ञान स्त्रीसाठी तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर तिचे नाव व तपशील कायद्याने अधिकार नसलेल्या व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला 1 वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गर्भपाताचे प्रवेश रजिस्टर नियमांनीच गुप्त दस्तऐवज ठरवले आहे. ते रिसेप्शनच्या टेबलावर असेल तर आजच कुलपात ठेवावे.

पडदा_खाली:

रुग्णालयांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, तरीही महागड्या यंत्रणेची घाई करू नका असेच सांगेन. संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवा, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, दोन मिनिटे हात लागला नाही तर पडदा आपोआप बंद होईल अशी सोय करा आणि नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. रिसेप्शनला अपॉइंटमेंट आणि बिल दिसले की पुरे. तपासणीच्या नोंदी तिथे उघडण्याचे कारणच नाही.

बॅकअप रोज घ्यावा आणि तो झाल्यावर हार्डडिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस कागद-पेनवर काम चालवावे लागले; डिस्क जोडलेलीच राहिली तर मूळ माहितीबरोबर बॅकअपही जातो.

माझ्या मते खरी गळती मोबाइलमधून होते. सिस्टरच्या स्वतःच्या फोनवर आलेला रिपोर्ट गॅलरीत उतरतो, तिथून तिच्या खात्याच्या ऑनलाइन साठ्यात जातो, आणि तिने नोकरी सोडली तरी तिथेच राहतो. रुग्णालयाचा वेगळा फोन घ्या आणि त्यात आपोआप डाउनलोड होणे बंद ठेवा. डॉक्टरांच्या ग्रुपवर मत विचारताना सोनोग्राफीच्या चित्राची वरची पट्टी कापल्याशिवाय पाठवू नका. नाव, वय आणि तारीख तिथेच छापलेली असते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

जुनी_मेट्रन:

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्यच आहेत, परंतु संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून रुग्णालयात गुपिते फुटत आली आहेत आणि ती बहुतेक वेळा आमच्याच तोंडून फुटली आहेत. भरल्या ओपीडीत "यूपीटी कोणाची आहे? पॉझिटिव्ह आलीय!" असे गरोदरपणाच्या लघवी-तपासणीबद्दल ओरडणाऱ्या मुलीला कुठला पासवर्ड अडवणार? टोकन क्रमांकाने बोलवावे आणि निकाल आत, दार लावून सांगावा. जुन्या रिपोर्टांच्या कोऱ्या बाजूवर औषधांच्या चिठ्ठ्या लिहिण्याची काटकसर बंद करावी, आणि मुदत संपलेले केसपेपर रद्दीवाल्याला न देता फाडण्याच्या यंत्रातून काढावेत.

ताम्हणताई, सासूबाईंना काउंटरवर अडवणे तुमच्या मुलींना कधीच जमणार नाही, कारण त्या वेळी उशीर झालेला असतो. पहिल्या भेटीत बीपी घ्यायला बाईला एकटीला आत घ्या आणि सहजपणे विचारा, "रिपोर्ट कुणाला सांगितलेले चालतील? फोन कोणत्या नंबरवर करू?" उत्तर केसपेपरवर लिहून तिची सही घ्या. पुष्कळदा नोंदवलेला नंबर नवऱ्याचाच असतो, म्हणजे तुम्ही बाईला म्हणून पाठवलेला रिपोर्ट आधी त्याच्या हातात पडतो. पुढे सासूबाई आल्या तर काउंटरवरच्या मुलीने "तुम्हाला देत नाही" असे न म्हणता "पेपरवर ज्यांचे नाव आहे त्यांनाच देता येतात, सूनबाईंना घेऊन या" असे म्हणावे. यात कोणाचा अपमान होत नाही.

ताम्हण:

नंबरची बाब लक्षातच आली नव्हती, उद्यापासून विचारू. एक प्रश्न राहिला. 18 वर्षांखालील मुलगी गर्भपातासाठी आली तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. मग गोपनीयता उरते कुठे?

सनद:

कळवण्याचे बंधन सुटत नाही. परंतु 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले आहे की मुलीने आणि तिच्या पालकांनी तशी विनंती केल्यास डॉक्टरने त्या माहितीत तिची ओळख व वैयक्तिक तपशील उघड करण्याची गरज नाही. ती विनंती लेखी घ्या, पोलिसांना दिलेल्या पत्राची पोच घ्या, आणि दोन्ही कागद त्याच कुलपातल्या रजिस्टरसोबत ठेवा.