कार्डाचं कर्ज आणि आठवड्याला वीस तास

विषय: एका विद्यार्थ्याचा प्रश्न (नाव मुद्दाम काढलंय – मॉडरेटर)

नमस्कार मंडळी,

मी औसा तालुक्यातला. इथं अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये काम करतो, तासाला 12 डॉलर. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर करता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. फी बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाते. भाडं, किराणा, फोन वजा जाता महिन्याकाठी सव्वादोनशे डॉलर उरतात.

पहिल्या उन्हाळ्यात काम मिळालं नाही. तेव्हाचं भाडं आणि आरोग्य विम्याचा हप्ता क्रेडिट कार्डावर टाकला. आज एका कार्डावर 3200 डॉलर बाकी आहेत, वर्षाला 26 टक्के व्याजानं, आणि दुसऱ्यावर 1000, 30 टक्क्यांनी. दोन्हींचं मिनिमम (दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम) मिळून 136 होतं. ते मी एकदाही चुकवलेलं नाही. तरी आकडा हलत नाही, कारण महिनाअखेरीला किराणा पुन्हा कार्डावरच येतो.

रूममेट म्हणतो, गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंपावर) रोखीनं काम आहे, कुणी विचारत नाही. घरी अजून सांगितलं नाही. बाबांना कळलं तर ते काहीही गहाण टाकतील. काय करावं?

---

उदगीरकर:

लेकरा, गॅस स्टेशनचं आधी डोक्यातून काढ. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम केलं की स्टेटस (विद्यार्थी म्हणून राहायचा कायदेशीर दर्जा) गेलं, आणि मग पुढं ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) नाही, काही नाही. कार्डाच्या उधारीनं व्हिसा जात नाही, असल्या कामानं जातो. एवढं पक्कं ध्यानात ठेव.

बाकी हिशेब लातूरच्या ताई सांगतील, त्यांनी तिकडं वर्षानुवर्षं लोकांचे टॅक्स भरलेत. मी एवढंच म्हणतो की आपल्याकडं सावकारालाही दामदुपटीची मर्यादा होती, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. कार्डाला तीही नाही.

---

लातूरहून:

उदगीरकर भाऊंनी काम माझ्यावर ढकललंय, तर सविस्तरच लिहिते.

बाळा, तू मिनिमम भरतोस ते कुठं जातं ते बघ. मोठ्या कार्डाचं महिन्याचं व्याज साधारण 69 डॉलर, लहानाचं 25. म्हणजे 136 मधले 94 व्याजातच गेले. मुद्दल फिटलं 42 डॉलर, आणि त्याच महिन्यात तू किराणा टाकलास साठ-सत्तरचा. आकडा हलणार कसा?

त्यातही एक गोम आहे जी भल्याभल्यांना ठाऊक नसते. पूर्ण बिल भरणाऱ्याला नव्या खरेदीवर बिलाच्या तारखेनंतर किमान 21 दिवस बिनव्याजी मिळतात. बाकी ठेवली की ही सवलत त्या कार्डावरून उठते. तू आज दूध आणि तांदूळ घेतलेस तर त्यावर आजपासून 26 टक्के चालू. म्हणून पहिलं काम, किराणा डेबिट कार्डावर. दोन्ही कार्डं पाकिटातून काढून कपाटात ठेव, फोनमधल्या आणि खरेदीच्या ॲपमधूनही पुसून टाक. हे केल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही. कार्डावरून रोख तर कधीच काढू नको. त्याला सवलतीचे दिवस मुळातच नसतात आणि वर फी लागते.

आता बिलाचा कागद उघड. 2009 च्या कायद्यानं प्रत्येक बिलावर एक चौकट छापावी लागते. नुसतं मिनिमम भरलं तर किती वर्षं लागतील, आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती भरावे लागतील, हे दोन्ही त्यात असतं. तुझ्या मोठ्या कार्डावर पहिला आकडा दहा वर्षांच्या पुढचाच निघेल. दोन्ही मिळून तीन वर्षांत फेडायचे तर महिन्याला 171 च्या आसपास, व्याज जातं 1970. तुझ्याकडं 225 उरतात असं धरलं तर दोन वर्षांत मोकळा, व्याज 1300. महिन्याच्या जास्तीच्या चोपन्न डॉलरांनी साडेसहाशेच्या वर वाचतात, फक्त त्या दोन वर्षांत नवं काही टाकायचं नाही.

दोन्हींचं मिनिमम ऑटोपेवर लाव, म्हणजे लेट फी लागणार नाही. उरलेले सगळे 30 टक्क्यांच्या लहान कार्डावर ओत. ते नऊ-दहा महिन्यांत संपतं. मग त्याचा सगळा हप्ता मोठ्याकडं वळव. पगार पंधरवड्याला होत असेल तर ड्यू डेटची वाट बघू नको, पगार झाला की भर. व्याज रोजच्या बाकीवर चढतं, दोन आठवडे आधी गेलेल्या पैशाचा तेवढा फायदा.

हे झालं आहे त्या दरात. दर कमी करून मागता येतो. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन कर आणि 'हार्डशिप प्रोग्रॅम' (अडचणीतल्या गिऱ्हाइकाला दर कमी करून द्यायची सोय) आहे का विचार. विद्यार्थी आहे, व्हिसामुळे तास वाढवता येत नाहीत, महिन्याला अमुक भरू शकतो, असं सरळ सांगायचं. रडायचं नाही, भांडायचंही नाही. पहिल्या माणसानं नाही म्हटलं तर वरच्याशी बोलायचं आहे म्हणायचं. बहुतेक ते कार्ड गोठवतात किंवा बंद करतात. तुझ्यासाठी ते बरंच आहे. तोंडी कबुलीवर विसंबू नको, लेखी मागून घे.

विद्यापीठाशी जोडलेली फेडरल क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) असेल तर तिथंही चौकशी कर. त्यांना कर्जावर सहसा 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. सगळं हाताबाहेर जातंय असं वाटलं तर एनएफसीसी या कर्ज समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या यादीतली ना-नफा समुपदेशन संस्था गाठायची. रेडिओवर 'तुमचं कर्ज अर्ध्यावर आणतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नको. ते हप्ते थांबवायला सांगतात आणि तुझं क्रेडिट मातीत जातं. फोनवर गिऱ्हाईक धरणाऱ्या अशा कंपन्यांना तडजोड व्हायच्या आधी फी घ्यायला 2010 पासून बंदी आहे. तरी मागणारे मागतातच.

आणि कॅम्पसवर फूड पॅन्ट्री (गरजूंना फुकट किराणा देणारं केंद्र) असेल तर जा. लाजायचं काय त्यात? ती तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

---

नांदेडकर:

ताईंचं सगळं पटलं, पण एक सोडून दिलंय. भारतात बँकेत सोनेतारण नऊ-दहा टक्क्यांत होतं. सरासरी 27 टक्क्यांचं कर्ज 10 च्या कर्जानं फेडलं तर पोराचे दोन वर्षांचे हाल कशाला? वडिलांना सांगावं, दागिने ठेवावेत, एकदम मोकळं व्हावं. नोकरी लागली की पहिल्या चार पगारांत सोडवता येतील.

---

लातूरहून:

दादा, गणित बरोबर आहे. बोजा कुणाच्या डोक्यावर जातो ते बघा. 4200 डॉलर म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. औशाकडं पाच एकर सोयाबीन धरलं, एकरी सात-आठ क्विंटल, तर चाळीसच्या आत माल. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. पूर्ण हमीभाव मिळाला तरी दोन लाख आणि थोडं वर, खर्च न काढता. मोंढ्यात जाऊन या, आडतीच्या पट्टीवर हमीभाव किती जणांना दिसतो ते बघा. त्या घरावर शैक्षणिक कर्ज आधीच आहे. मुदतीत सोनं सुटलं नाही तर लिलावाची नोटीस आईच्या नावानं येते, पोराच्या नाही. आणि 'नोकरी लागली की' हे सध्याच्या बाजारात कुणी लिहून देईल का?

मात्र घरी सांगूच नये असं मी म्हणत नाही. सांगावं, आकडा आणि फेडीचा बेत दोन्ही हातात घेऊन. पैसे मागायला नाही.

---

नांदेडकर:

लिलावाचं मान्य. तरी लहान कार्डापुरतं, हजार डॉलरचं, घरून जमत असेल तर 30 टक्के कशाला भरावेत, हे माझं मत कायम आहे.

---

विद्यार्थी:

सगळ्यांचे आभार. फोन केला. मोठ्या कार्डवाल्यांनी दुसऱ्या वेळी ऐकलं, वर्षभरासाठी दर 26 वरून 12 केला आणि कार्ड बंद केलं. लेखी आलंय. लहान कार्डवाले नाही म्हणाले. रविवारी बाबांशी बोललो. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले की लहान कार्डाचं रब्बी झाल्यावर बघू, तोवर तू भरत राहा.

ताई, तुम्ही टॅक्सचं काम करत होतात म्हणून विचारतो. पगारातून दर वेळी फेडरल (केंद्राचा) टॅक्स कापतात. मागच्या वर्षीचं रिटर्न मी भरलं नाही, उत्पन्न कमी होतं म्हणून. चालतं का?

---

लातूरहून:

छान झालं. त्या वर्षभरात मोठ्या कार्डाचं व्याज निम्म्याच्या खाली येईल. वाचतील ते लहानावर टाक.

रिटर्न भरच. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम 21 मुळं आपल्या विद्यार्थ्यांना 1040-एनआर (अनिवासींचा रिटर्न फॉर्म) भरतानाही स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं. दुसऱ्या बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. 2025 साठी ते 15,750 डॉलर आहे आणि तुझा वर्षाचा पगार त्याच्या खालीच राहतो. दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर कापलेला सगळा फेडरल टॅक्स परत येतो. मागच्या वर्षीचाही मागता येईल, त्याला तीन वर्षांची मुदत असते. यंदाचं 15 एप्रिलच्या आत. सोबत 8843 हा फॉर्म लागतो. नेहमीची फुकट सॉफ्टवेअर वापरू नको, ती तुला रहिवासी धरून चुकीचा फॉर्म काढतात. विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस बहुधा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं देतं, ते विचार. राज्याचं रिटर्न लागत असेल तर ते वेगळं.

डब्ल्यू-2 (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) हातात आला की 4 आणि 6 नंबरचे रकाने बघ. ते रिकामे असायला हवेत, कारण एफ-1 वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठीचे कर) कापत नाहीत. काही कापलेलं दिसलं तर आधी विद्यापीठाच्या पेरोलकडं (पगार विभागाकडं) परत माग. त्यांनी नाही दिलं तर फॉर्म 843 भरून करखात्याकडं माग. दोन्ही वर्षांचे डब्ल्यू-2 मला स्कॅन करून पाठव, पण या सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर नाही, वेगळ्या मेलवर. आणि सोशल सिक्युरिटी नंबरावर आधी काळी पट्टी मार.