बिल १०४३ नंतर थेट १०४७, मधले तीन नंबर गेले कुठे?

पेठेतला_कोडर:
बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला मी बिलिंग करून दिलंय. डेटाबेस मायएसक्यूएल ८, आयडी ऑटो इन्क्रिमेंट (नव्या ओळीला आपोआप पुढचा नंबर), आणि तोच बिल नंबर म्हणून छापतो. (हो, माहितीये. शिव्या नंतर.) काल शेठनी फाइल पुढ्यात आपटली. "मधली तीन बिलं कोणी खाल्ली?" काउंटरवरचा पोरगा रडवेला. लॉगमध्ये पाहिलं तर त्यानं एकच चलान नंबर तीनदा टाकला होता, युनिक की-नं (तीच किंमत दोनदा घेऊ न देणाऱ्या अटीनं) तिन्ही वेळा हाकललं. डिलीट एकही नाही. इन्सर्टच (नवी ओळ घालणं) झाला नाही तर नंबर परत का येत नाही? ऑल्टर टेबल कमांडनं आयडीचा आकडा मागे ओढू का? शनिवारी सीए येतायत.

कोथरूड_डेपो:
बँकेत टोकन घेतलं आणि फॉर्म चुकला म्हणून तुम्ही घरी गेलात, तर मशीन तोच आकडा पुढच्याला देतं का? तसंच हे. तुमचा १०४४ अडकलेला असताना शेजारच्या काउंटरनं १०४५ घेऊन कमिटही (कायमची नोंद) केलेलं असू शकतं. नंबर परत घ्यायचा तर सगळ्यांना एकमेकांसाठी थांबवावं लागेल. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा सिक्वेन्सही (नंबर देणारा मोजणीदार) रोलबॅकला, म्हणजे व्यवहार मागे घेण्याला, जुमानत नाही. आणि ऑल्टरचा उपयोग शून्य: टेबलात १०४७ आहे, इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) आयडीचा आकडा १०४८ च्या खाली आणणारच नाही.

गोदामवाली:
ऑन डुप्लिकेट की अपडेट (ओळ आधीच असेल तर नवी न घालता तीच बदलणारा इन्सर्ट) वापरत असाल तर तेही बघा. आमच्याकडे बारा हजार मालांची यादी दर पाच मिनिटांनी तशी चढायची. नवी ओळ एक नाही, तरी दिवसाला साडेचौतीस लाख नंबर जळत होते. साध्या इंट प्रकारच्या रकान्याची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे पावणेदोन वर्षांत खेळ खल्लास. मोठ्या मर्यादेचा बिगइंट केला, आणि इन्सर्टच्या आधी साधा अपडेट लावला.

कोथरूड_डेपो:
मूळ घोळ मात्र वेगळा आहे राव. जीएसटीच्या नियम ४६ ला सलग अनुक्रमांक लागतो, १६ अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात न दुहेरावणारा. आयडी त्यासाठी नाहीच. वेगळ्या टेबलात सीरिजची एक ओळ ठेवा, सिलेक्ट फॉर अपडेटनं ती लॉक करा, नंबर वाढवा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा गटात) बिल घाला. बिल फसलं की नंबरही मागे येतो. दुसरा काउंटर क्षणभर खोळंबेल, तेवढंच. बिल रद्द झालं तर ओळ पुसू नका, 'रद्द' शिक्का मारा.

पेठेतला_कोडर:
खोळंबायला काउंटर दोनच, त्यातला एक कायम जेवायला गेलेला. रात्री बदल केला. जुन्या तीन नंबरांसाठी लॉगची प्रिंट फाइलला लावलीय. शेठ पोराला काही बोलले नाहीत, पण अमृततुल्यातून चहा मागवला तेव्हा त्याच्यासाठीही सांगितला.