मदत हवी आहे: कोवर्किंगमधली दुपारची कोंदट हवा

नाशिकच्या कॉलेज रोडवर कोवर्किंगची (सामायिक ऑफिसची) भाड्याची जागा, 900 चौरस फूट, 18 खुर्च्या, बहुतेक फ्रीलान्सर. दुपारी सगळ्यांचं डोकं जड होतं. मीटरवर कार्बन डायऑक्साइड 1,600 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 1,600 भाग) चढतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. खिडक्या उघडल्या तर हॉर्नमुळे कॉल घेता येत नाहीत. एक्झॉस्ट लावून पाहिला, पण हवा आत यायला वाट नसल्याने तो टॉयलेटचा वास ओढतो. (प्युरिफायर धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही, त्यामुळे तो कृपया सुचवू नका.) माणशी 15 सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) धरले तर 270 सीएफएम ताजी हवा हवी. भिंत फोडायची परवानगी नाही, खिडकीची एक काच काढता येईल. तिथे फिल्टरसह इनलाइन फॅन (हवेच्या नळीच्या, म्हणजे डक्टच्या, मधेच बसणारा पंखा) बसवायचा तर आवाज 45 डेसिबलच्या आत राहण्यासाठी डक्ट 6 इंची घ्यावा की 8? आणि नाशिकमध्ये असं काम नीट कोण करतं?