जुनी गाडी चावीने सुरू होत नाही, नुसता 'टक्' आवाज येतो. सल्ला हवा (ठाणे)

निशिगंध:
नमस्कार. बाबांची २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. कोलशेतला सोसायटीत उघड्यावर उभी असते. पावसाळ्यापासून सकाळी चावी फिरवली की 'टक्' एवढाच आवाज येतो, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरत नाही. पुन्हा पुन्हा चावी मारली की कधीतरी एकदम घेते. डॅशबोर्डचे दिवे, हॉर्न ठणठणीत. बॅटरी गेल्याच वर्षी बदलली. गॅरेजवाले म्हणतात, अख्खा सेल्फ नवा टाका. आईला फिजिओथेरपीसाठी नौपाड्यात न्यावं लागतं, तिला घेऊन रस्त्यात अडकायची फार धास्ती वाटते. खर्चाला ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. सुरुवात कुठून करू?

चरईकर:
वर्षभरातही बॅटरी बसू शकते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर (जोडायच्या जाड वायरी) लावून बघा.

ऐरोलीहून:
चावीत चिप आहे का? इमोबिलायझरला चावी ओळखता आली नाही तरी गाडी सुरू होत नाही. घरातली दुसरी चावी लावून बघा.

अर्थिंगवाला:
ताई, इमोबिलायझरचा दोष असला तर बहुतेक जुन्या गाड्यांत सेल्फ फिरतो, फक्त इंजिन पकडत नाही. तुमच्याकडे सेल्फच फिरत नाही, म्हणून तो विषय तूर्त बाजूला. 'टक्' ऐकू येतो म्हणजे चावीचा करंट सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) पोचतोय, तेव्हा इग्निशन स्विचवरही आत्ताच संशय नको.

एक साधा मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी फिरवायला दुसरं कुणीतरी हवं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी चार्ज. आता चावी मारताना तिथेच बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर चरईकर म्हणतात तशी बॅटरी तपासून घ्या. पण 'टक्' होतानाही १२ च्या वरच राहिला, तर बॅटरीचा दोष नाही. करंट वाटेत कुठेतरी अडतोय.

आता खरी परीक्षा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलकट थर नसेल अशा जागी. चावी मारताना ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर अर्थिंग (करंट इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनाची अर्थ वायर खराब. खाडीच्या दमट हवेत या वायरचे लग (टोकाची धातूची कडी) आतून हिरवे पडतात, वरून मात्र वायर धडधाकट दिसते. दिवे आणि हॉर्नची अर्थ बॉडीवरून जाते, त्यामुळे ते नीट चालतात. सेल्फला मात्र शंभराहून जास्त अँपिअर लागतात, तेवढे त्या कुजलेल्या लगमधून जात नाहीत. अर्थ फारच गेली असेल तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजा, दुखणं सापडलं.

पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून सेल्फ फिरवायला कुणी सांगेल, ते करू नका. गाडी चुकून गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

ऐरोलीहून:
तोवर अडलात तर धक्का स्टार्ट जमतो. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का घ्यायचा आणि वेग आला की क्लच सोडायचा. फक्त सपाट रस्त्यावर. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, पॉवर स्टिअरिंगही काम करत नाही. बेसमेंटच्या उतारावर तर अजिबात नको.

निशिगंध:
शेजारच्या काकांनी चावी फिरवली, मी मीटर धरला. उभ्या गाडीत १२.५, 'टक्' होताना १२.३. इंजिन आणि निगेटिव्हमध्ये मात्र जवळजवळ ६ व्होल्ट! गिअरबॉक्सवर बसलेली वायर हलवली तर बोल्टजवळ हिरवी पूड सांडली.

अर्थिंगवाला:
मग सेल्फ नवा घेऊ नका. निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जाणाऱ्या दोन्ही वायरी बदला. नवी वायर जुनीएवढी तरी जाड हवी, आणि लग यंत्राने दाबून बसवलेले हवेत, प्लासने चेपलेले नकोत. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची.

चरईकर:
वायरमनसाठी वागळे इस्टेटच्या बाजूला चौकशी करा. जो मीटर हातात घेतो त्यालाच काम द्या. बघताक्षणी 'सेल्फ गेला' म्हणेल त्याला नको.

अर्थिंगवाला:
वायर बदलल्यावर तेच रीडिंग पुन्हा घ्या. ०.३ च्या आत आलं आणि तरीही 'टक्'च होत राहिला, तर सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट तपासायला सांगा. चावी मारताना बॅटरीकडच्या बोल्टवर १२ आणि मोटरकडच्यावर शून्य आलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. बऱ्याच सेल्फमध्ये नुसता सोलेनॉइड वेगळा बदलता येतो.