कुत्रा घेऊन कोकणात: 'चालेल' म्हणजे नेमकं काय चालेल?

राणीची ताई
काल इथे एकाने लिहिलं, 'कुत्री घेऊन कोकणात येणं ही पुण्या-मुंबईकरांची थेरं, घरगुती मुक्कामवाल्यांना छळू नका.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. आमची राणी गावठी, अकरा वर्षांची. एकदा बोर्डिंगमध्ये ठेवली तर तीन दिवस अन्नाला शिवली नाही. म्हणून ती बरोबरच येते. मार्चमध्ये ताम्हिणी उतरून श्रीवर्धनकडे निघालो. माणगावपर्यंत तीनदा थांबलो, तेही सावली बघूनच, कारण दुपारचं डांबर तळवे भाजतं. हाताची पाठ रस्त्यावर टेकवत नसेल तर मी तिला खाली उतरवत नाही. मुक्कामाला फोनवर दोनदा विचारलं होतं, 'कुत्रा चालेल ना?' 'या की, चालेल.' सातला दारात पोचलो तर म्हणाले, 'खोलीत नाही हां, जनरेटरमागे बांधा.' आम्ही गाडीतच झोपलो, काचा उघड्या ठेवून, डासांत. नाही म्हणायचं तर फोनवर म्हणा, एवढंच मागणं आहे.

दापोलीकर
ताई, मी दोन खोल्या देतो, म्हणून बोलतो. आमच्याकडे कुत्रा अंगणातच असतो. 'चालेल' म्हणणारा अंगण धरूनच म्हणतो, वेगळं सांगायचं त्याला सुचतही नाही. आता माझं ऐका. दिवाळीत एका लॅब्राडोरने नवी गादी फाडली. भरपाई मागितली तर साहेब म्हणाले, 'लहान मूल असतं तर मागितली असती का?' ते परवडलं, पण गोचीड नाही परवडत. पुढचे पाहुणे पाय खाजवत उठले, खोली बंद ठेवून फवारणी करावी लागली. ऐन सीझनला.

वाळूवरचा
खोलीचं सोडा, किनाऱ्यावर मोकळी सोडता त्याचं बोला. वेळास, आंजर्ल्याला हिवाळाभर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी. कुत्री, कोल्हे उकरतात म्हणून तर ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरावी लागतात. मी पहाटे एक हस्की त्या जाळीखाली पंजे घालून वाळू उडवताना पाहिला आहे. मालकीणबाई फोटो काढत होत्या!

शेरूची आई
आणि गावातली मोकाट कुत्री? ती नाही दिसत? खानावळीमागे माशांची डोकी फेकता, त्यावर पोसलेली टोळी रात्रभर किनाऱ्यावर असते. माझ्या शेरूला त्यांनीच फाडलं, कानाला सहा टाके. दोष मात्र पट्ट्यातल्या कुत्र्याचा.

वाळूवरचा
पट्ट्यात असता तर मी कशाला बोललो असतो? गावाला शिकवू नका. रात्री टॉर्च घेऊन गस्त घालणारी पोरं गावातलीच आहेत. तुम्ही पिल्लं समुद्रात जाताना बघायला तेवढ्या येता.

शेरूची आई
त्याच बघणाऱ्यांच्या पैशावर गावात चार खोल्या उभ्या राहिल्यात, तेही लक्षात ठेवा. डोक्यांचं उत्तर दिलंच नाहीत.

वाळूवरचा
डोकी टाकतात, खरं आहे. टाकू नयेत. झालं समाधान?

घाटावरून
भांडणात एक राहिलं. ताम्हिणीत अभयारण्य आहे, तिथे 'जरा पाय मोकळे करू दे' म्हणून कुत्रं झाडीत सोडू नका. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग कुत्र्यांत असतोच. लस चुकवू नका.

राणीची ताई
दापोलीकर, अंगणाचं खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण अंगण वेगळं आणि तापलेल्या जनरेटरची मागची बाजू वेगळी, हे मी सोडणार नाही. तेव्हाच पडवी म्हणाले असते तर तिच्याशेजारी झोपले असते. आणि हो, किनाऱ्यावर मी तिला सोडते. कासवांच्या दिवसांत नाही सोडणार.

दापोलीकर
पडवी देतो. रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा, गोचिडाचं औषध निघण्याआधी घाला, नुकसानीचं फोनवरच ठरवू. चटई तुमची.

वाळूवरचा
कासवांच्या दिवसांत नाही, बारा महिने पट्टा.