चारिन कॅनियन: आईला घेऊन दीड तास पुरेल का?

मृण्मयी_कोथरूड
सप्टेंबरात आई आणि मी कझाकस्तानात अल्माटीला जातोय. आई रोज पर्वती चढते, पण उतरताना तिचा गुडघा दुखतो. टूरवाला एकाच दिवसात चारिनची दरी आणि कोलसाई, काइंडी ही तळी, तिन्ही दाखवतो म्हणतोय. चारिनला दीड तास. पुरेल का? आईला खरी ओढ त्या लाल खडकांचीच आहे.

सह्यभटक्या
नका हो असं करू. चारिन अल्माटीपासून सुमारे २०० किलोमीटर, जायलाच साडेतीन-चार तास. दीड तासात कड्यावरून फोटो काढाल आणि परत गाडीत बसाल. खाली 'किल्ल्यांच्या दरीत' उतरून चालायलाच हवं. सुरुवातीचा उतार सोडला तर वाट सोपी आहे, साधारण तीन किलोमीटर, थेट चारिन नदीपर्यंत.

आपले डोळे सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टला सरावलेले. तो लाव्ह्याचा. चारिनच्या भिंती गाळाच्या आहेत. कुठे वाळू, कुठे माती, मध्येच गोट्यांचा अख्खा पट्टा. मऊ थर पावसा-वाऱ्याने आधी झिजतो, टणक थर वर टोपीसारखा तगून राहतो आणि त्यातून बुरूज, सुळके उभे राहतात. लाली लोहामुळे. आईंना एखाद्या भिंतीपाशी निवांत थांबू द्या, एकेक थर वाचता येतो. मी तिथे इतका रेंगाळलो की बरोबरचे पुढे निघून गेले. फक्त कडेला टेकू नका, खडक भुसभुशीत आहे.

भर दुपारी रंग पार फिके पडतात. चार-साडेचारनंतर उतरा. सावली मिळते आणि ऊन कललं की वरची भिंत केशरी होते. पाणी भरपूर घ्या. नदीला ओढ फार आहे, पाय बुडवायचा मोह नको. गुडघ्याचं म्हणाल तर नदीपासून वर आणायला पैसे घेऊन गाड्या असतात, त्यांची शेवटची वेळ उतरण्याआधीच विचारा.

मुक्काम साती गावात करा. दुसऱ्या दिवशी कोलसाई आणि काइंडी. १९११च्या भूकंपात दरड कोसळून काइंडीचं तळं झालं, बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यात उभे आहेत. तिथे नेणाऱ्या जुन्या व्हॅन मात्र हाडं खिळखिळी करतात. आईंना पुढच्या सीटवर बसवा.

सुमेधा_सहकारनगर
काकांशी सहमत. शाकाहारी असाल तर सातीत आधी कळवून ठेवा. ब्रेड, चहा, जॅम मिळतं, जेवण बहुतेक मांसाचं. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

मृण्मयी_कोथरूड
खूप आभार! दोन दिवसांचा दर मागवलाय. आईची चालायची काठी विमानात हातातल्या बॅगेत चालेल का?

सह्यभटक्या
ट्रेकिंगची टोकदार असेल तर चेक-इनमध्येच टाका. आणि टोकाला रबरी बूच लावा, वाटेवर बारीक खडी आहे.